गळ, तंगूस आणि मावळातलं पाणी

गेल्या मे महिन्यात आजोळी, म्हणजे पवन मावळात, बऱ्याच वर्षांनी सगळी भावंडं जमली होती. भाच्याने पुण्याहून येताना मासेमारीचं नवं कोरं सामान आणलं होतं. कार्बन फायबरची काठी, चकचकीत रीळ, रबराच्या रंगीत माशांची एक डबी. मामेभावाने काठी हातात घेतली, तोलून पाहिली आणि म्हणाला, "हलकी आहे बाबा. पण मासा काय काठी बघून येतो?" झालं! एकीकडे "मामा, तुम्हाला यातलं टेक्निक माहीत नाही" आणि दुसरीकडे "आमच्या चिव्याच्या काठीला काय झालं होतं?" वाद पानं वाढेपर्यंत चालला आणि आमरस आल्यावर आपोआप मिटला.

मला स्वतःला मासे पकडण्यापेक्षा ते खाण्यात जास्त गती :) पण जुन्या गोष्टी उकरायची खोड आहे. तेव्हा प्रश्न डोक्यात राहिला. मासेमारीचं नवं सामान जुन्यापेक्षा खरंच सरस आहे का? की नुसतंच नवं आहे? त्यावर जे वाचलं आणि जे सुचलं, ते इथे मांडतो.

सुरुवात जरा लांबून करू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, हा त्यातला उल्लेख मराठीच्या अभ्यासकांना चांगलाच ठाऊक आहे. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' असं एक प्रकरण आहे. राजाने करमणूक म्हणून गळाने मासे कसे धरावेत, याचं ते चक्क शास्त्र आहे! माशांच्या पस्तीसेक जाती, कोणत्या माशाला काय खाऊ घालून पाण्यात एका जागी हिळवावं, दोरा कसा असावा, काठी कशी, गळ कसा, सगळं तपशीलवार. भारतीय मत्स्यशास्त्रातलं मोठं नाव असलेले डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर लेख लिहिला, तेव्हा ते आधुनिक अभ्यासकांच्या नजरेत आलं. इंग्रजीतलं गळाच्या मासेमारीवरचं पहिलं छापील पुस्तक १४९६ चं. म्हणजे आपला दख्खनी राजा त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी.

आता सोमेश्वराची यादी आणि भाच्याची पिशवी शेजारी ठेवून बघा. काठी, दोरा, गळ, आमिष. बाराव्या शतकात चार वस्तू, आजही त्याच चार. भर पडली ती एका रिळाची, आणि तेही म्हणावं तितकं नवीन नाही. मा युआन नावाच्या चिनी चित्रकाराने ११९५ च्या आसपास काढलेल्या एका चित्रात होडीत बसलेला एकटा कोळी आहे आणि त्याच्या काठीला रीळ आहे.

गळाचं तर विचारूच नका. टोकाजवळचा उलटा काटा, ज्यामुळे तोंडात रुतलेला गळ सुटत नाही, तो हडप्पा संस्कृतीतल्या तांब्याच्या गळांनाही सापडतो. म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षं झाली. आज दुकानात 'कर्बी' म्हणून जो वाकडा गळ मिळतो त्याचं नाव सतराव्या शतकातल्या लंडनच्या एका गळ बनवणाऱ्या कारागिराचं. आतल्या बाजूला टोक वळलेला गोल गळ अमेरिकेकडच्या हॅलिबट मच्छीमारांनी १९८० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर स्वीकारला, तेव्हा तो सुधारणा म्हणून गाजला. पण तसेच गळ पॅसिफिक बेटांवरचे लोक शिंपल्याचे आणि हाडाचे कितीतरी शतकं करत होते.

म्हणजे आकाराच्या, घडणीच्या बाबतीत माणसाने मूळ शोध फार पूर्वीच लावून ठेवले. बदललं ते मुख्यतः साहित्य. चिव्याच्या जागी कार्बन, सुताच्या जागी नायलॉन, तांब्यालोखंडाच्या जागी पोलाद. मग मामेभाऊ जिंकला म्हणायचा का? थांबा, इतकं सोपं नाही. कारण या सगळ्यात एक गोष्ट आपण विसरतो. मावळातलं पाणीच आता ते राहिलेलं नाही.

पूर्वीच्या पवनेचं, इंद्रायणीचं, आंद्रेचं उन्हाळ्यातलं रूप आठवा, किंवा घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. पावसाळ्यात दुथडी, आणि फाल्गुन-चैत्रापासून धार आटून नदीचे तुटक तुटक डोह. कातळात कोरलेला, काठावर उंबर-करंज वाकलेले, असा डोह. त्याला पुरुष-दोन पुरुष उंचीची काठी आणि जवळजवळ तेवढ्याच लांबीचा दोरा पुरून उरतो. एखाद्या खडकावर उभं राहिलं की अर्धा डोह काठीच्या टप्प्यात. रीळ हवं कशाला? दोरा काठीच्या शेंड्याला बांधायचा, गळाला गांडूळ लावायचं, की झालं. ती काठी त्या पाण्यासाठी बरोबर बेतलेली होती.

मग टाटा आले. १९११ मध्ये लोणावळ्याला धरणाच्या कामाचा मुहूर्त झाला आणि १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईला वीज जाऊ लागली. लोणावळा, वळवण, शिरवता हे तलाव त्या योजनेतले. १९२२ मध्ये आंदर मावळात ठोकळवाडीचा तलाव आणि भिवपुरीचं वीजघर. शेजारच्या मुळशी खोऱ्यात १९२१ पासून सेनापती बापटांचा सत्याग्रह पेटला, तो दडपला गेला आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. पुढे १९७० च्या दशकात पवना धरण भरलं. साठ-सत्तर वर्षांत मावळचं पाणी डोहांतून उठलं आणि तलावांत जाऊन बसलं.

या तलावाच्या काठावर चिव्याची काठी घेऊन उभं राहिलात तर? काठापासून दहा-बारा फुटांवर गळ पडणार, तिथे गुडघाभर पाणी आणि चिखल. मोठा मासा असतो दूर, जुन्या नदीच्या पात्राच्या खोलात. तिथवर पोचायला दोरा लांब फेकता यायलाच हवा. हे काम सोपं केलं ते अल्फ्रेड इलिंगवर्थ नावाच्या इंग्रज गिरणीमालकाने. त्याने १९०५ मध्ये ज्या रिळाचं पेटंट घेतलं त्याचं गुंडाळं फेकताना फिरतच नाही, दोरा त्याच्या टोकावरून नुसता निसटत जातो. कल्पना सुचली ती म्हणे सूतगिरणीतल्या बॉबिनवरून. भाच्याचं रीळ त्याच वंशातलं.

गंमत अशी, की लोणावळ्याचं धरण आणि हे रीळ जवळजवळ एकाच वयाचे. रीळ मावळात 'चांगलं' ठरलं त्याला कारण धरण आहे. डोहावर ते निव्वळ ओझं झालं असतं. उलट २००९ मध्ये अमेरिकेत 'टेंकारा' नावाचा प्रकार विकायला आला आणि लोकप्रियही झाला. डोंगरी ओढ्यांवर वापरायची जुनी जपानी पद्धत ती. लांब लवचिक काठी, शेंड्याला दोरा, रीळ नाही. मामेभावाची काठीच की! फक्त कार्बनची, घडीची आणि डॉलरमध्ये :)

तेव्हा माझा पहिला निष्कर्ष असा, की 'सरस' हा शब्द एकटा वापरायचा नाही. सरस कुठल्या पाण्याला, हे आधी विचारायचं.

पण काही गोष्टी खरोखरच सुधारल्या आहेत, हे मान्य करायला हवं. रिळातला क्लच घ्या. माशाने ठराविक जोराच्या पुढे ओढलं की तो दोरा सोडतो, त्यामुळे बारीक दोऱ्यावरही मोठा मासा टिकतो. पूर्वी हे काम माणसाच्या अंगठ्याने करावं लागे, आणि शेंड्याला बांधलेल्या दोऱ्यात तर तेही शक्य नाही. दुसरी गोष्ट तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकपदरी दोरा. १९३८ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने नायलॉन जाहीर केलं आणि बघता बघता जगभरच्या काठ्यांवरून सूत, रेशीम, ताग उतरले. त्याआधी शौकीन इंग्रज साहेब गळाजवळच्या शेवटच्या हातभर दोऱ्याला रेशीमकिड्याच्या ग्रंथीतून ओढलेली तात वापरत. ती वापरायच्या आधी भिजत घालावी लागे, नाहीतर काडीसारखी मोडे. तंगुसाला असलं काही नाही.

काठीचं मात्र मी तितक्या ठामपणे सांगणार नाही. साहेबांच्या नावाजलेल्या चिरलेल्या बांबूच्या काठ्यांना चिनी बांबू येण्याआधी 'कलकत्ता केन' लागे, म्हणजे आपल्याकडचाच बांबू विलायतेला जाऊन सहापदरी होऊन परत येई. आणि गळावर धरलेला सर्वात मोठा महाशीर म्हणून आजही ज्याचं नाव घेतात तो १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा मासा म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी कर्नाटकात धरला १९४६ मध्ये. तेव्हा कार्बनची काठी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. फायबरग्लासची नुकती कुठे अमेरिकेत येऊ घातली होती. पाऊणशेहून जास्त वर्षांच्या सुधारणांनी त्याहून मोठा मासा बाहेर काढलेला नाही. का, ते पुढे येईलच.

आता गळ बाजूला ठेवून जाळ्याकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. हौशी माणसाच्या गळाने नदी रिकामी होत नसते. जाळ्याने होऊ शकते.

जुनं जाळं सुताचं किंवा तागाचं. ते घरी विणायचं, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून टिकाऊ करायचं, दर वेळी वापरून झालं की वाळत घालायचं, उंदरांपासून जपायचं, फाटलं की सांधायचं. इतकं करूनही ते दोन-चार हंगामांत कुजणार. पाण्यात भिजून जड होणारी सुती पाग दिवसभर फेकून खांदे भरून येत. नायलॉनने या कष्टांतून सोडवलं. भोयांच्या आणि कातकऱ्यांच्या घरातल्या बायामाणसांची जी मेहनत वाचली ती मोजायची सोडून "जुनं ते सोनं" म्हणायचा हक्क आपल्यासारख्या पगारी माणसांना नाही, असं मला वाटतं. ज्याची चूल जाळ्यावर पेटते त्याला हलकं, टिकाऊ आणि पाण्यात न दिसणारं जाळं सरसच.

पण 'टिकाऊ' या शब्दाची दुसरी बाजूही आहे. तलावाच्या तळाशी बुडालेल्या झाडांची खोडं असतात. त्यांत सुती जाळं अडकून तुटलं तर ते वर्षा-दोन वर्षांत कुजून माती होई. तंगुसाचं जाळं अडकलं की ते तसंच राहतं. मालक विसरून गेला तरी ते मासे धरतच असतं, ते मासे कुजतात, त्यांच्या वासाने दुसरे येतात. सुताचं कुजणं हा त्याचा मोठा दोष, आणि तोच माशांच्या दृष्टीने मोठा गुण होता. तो गुण कुणी मुद्दाम घडवलेला नव्हता, म्हणूनच बहुधा तो गेला तेव्हा कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

चढणीच्या माशांचंही तेच. मृगाच्या पहिल्या पावसात ओढे वाहू लागले की मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि मावळात सगळ्यांनाच ऊत येतो. वाटेत बांबूच्या कामट्यांची निमुळती टोपली लावायची, मासा आत शिरतो, बाहेर येत नाही. कामट्यांच्या फटींतून बारकी पोरं निसटत. लोंढा जोराचा आला तर टोपलीच वाहून जाई. आता त्याच ओढ्यावर या काठापासून त्या काठापर्यंत बारीक आसाचं नायलॉनचं जाळं लावता येतं आणि ते वाहून जात नाही. टोपली आणि जाळं दोन्ही अंड्यांवर आलेल्या माशालाच धरतात, पाप म्हणाल तर दोघांचं सारखं. फरक एवढाच, की टोपली लावणाऱ्याचा लोभ कितीही असला तरी टोपलीची ताकद तोकडी होती.

जुनं सगळं सोज्वळ होतं असं मात्र समजू नका. गेळाची फळं किंवा रामेठा कुटून डोहात टाकला की मासे गुंगून वर येतात, हे सह्याद्रीत पिढ्यानपिढ्या माहीत आहे. त्यात लहानमोठं काही बचावत नाही. आणि सुरुंगाची दारू पाण्यात उडवण्याचा प्रकार इतका माजला होता, की इंग्रज सरकारने १८९७ च्या कायद्यात सुरुंगाने आणि विषाने मासे मारणं हा गुन्हा ठरवला. जुनं विरुद्ध नवं अशी सरळ रेघ इथेही ओढता येत नाही.

आता राहिला महाशीर आणि ते '१२० पौंड'.

पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महाशीरला शास्त्रीय नाव दिलं कर्नल साइक्स यांनी, १८३९ मध्ये. दख्खनच्या माशांची नावं ठेवताना त्यांनी इथलेच शब्द उचलले: खुद्री, कोलस, नुक्ता, बोग्गट. हे शब्द त्यांना दुसरं कोण सांगणार? इथल्या नदीकाठच्या माणसांच्या तोंडचे शब्द लॅटिन नावांत आजही आहेत. तो 'टॉर खुद्री' पुढे विरळ होत गेला. १९७० च्या सुमारास मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्यात त्याची अंडी कृत्रिमरीत्या फलित करून दाखवली आणि टाटांच्या वळवणच्या केंद्रात महाशीरची पिल्लं तयार होऊ लागली. श. ना. ओगले यांनी ते काम पुढे अनेक वर्षं नेलं. ओल्या कापसात गुंडाळून अंडी दूरवर पाठवायची युक्तीही या दोघांचीच. पिल्लं ठिकठिकाणच्या नद्यांत आणि तलावांत सोडली गेली. २०१८ मध्ये टॉर खुद्री धोक्यात असलेल्या जातींच्या जागतिक यादीतून बाहेर पडला. लोणावळ्याने अभिमान बाळगावा असंच हे काम.

मात्र ही पिल्लं कावेरीतही सोडली गेली. तिथे मूळचा कुबड असलेला, त्याहून मोठा होणारा दुसरा महाशीर होता. व्हॅन इंगेन यांचा १२० पौंडांचा मासा या जातीचा. पाहुणा खुद्री वाढला आणि घरचा कुबड्या जवळपास दिसेनासा झाला. २०१८ मध्ये त्याची 'टॉर रेमादेवी' म्हणून ओळख पक्की झाली आणि लगेच तो अतिसंकटग्रस्त ठरला. पाहुणा मासा हे त्यामागचं एकमेव कारण नाही. धरणं, वाळूउपसा आणि सुरुंगही आहेतच. पण तो विक्रम मोडत नाही त्याचं उत्तर इथे आहे. काठी कमी पडलेली नाही, मासा उरलेला नाही.

आणि हे कळलं कसं? इथेच मला भाच्याची बाजू घ्यावीशी वाटते. कावेरीवरच्या गळकऱ्यांच्या तळावर पकडलेला मासा मोजून, नोंदून पुन्हा पाण्यात सोडायचा रिवाज होता. गालिबोर इथल्या १९९८ ते २०१२ च्या त्या नोंदी संशोधकांनी तपासल्या तेव्हा कुबड्याची घसरण आकड्यांत दिसली आणि २०१५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. मासा जिवंत परत जावा म्हणून उलटा काटा नसलेले गळ वापरायचा आग्रह धरतात. आमचे मामेभाऊ लहानपणी टाचणी वाकवून जो गळ करत, त्यालाही काटा नसायचाच :) पण तो नाइलाज होता. चार हजार वर्षांची सोय माणसाने जाणूनबुजून काढून टाकावी, ही मला कार्बनपेक्षा मोठी सुधारणा वाटते. आणि त्या काठीच्या टोकाला लावायचं काय? तर नाचणीच्या पिठाचा गोळा!

तेव्हा माझ्यापुरतं उत्तर असं. सामान किती मासे काढतं, यावर नवं जवळजवळ नेहमीच जिंकतं आणि त्या मापाने वादाला अर्थ नाही. पण पाण्यात मागे काय उरतं, हे माप लावलं की निकाल उलटसुलट लागतात. सुताचं जाळं पास, तंगुसाचं नापास. गेळ-रामेठा जुना असून नापास. बिनकाट्याचा गळ आणि नोंदवही पास. सोमेश्वराने मासे खाऊ घालून हिळवायला सांगितले ते राजाच्या करमणुकीसाठी, पण त्याला निदान एवढं ठाऊक होतं, की मासे धरायचे तर आधी ते पाण्यात असावे लागतात.

पवना आणि इंद्रायणी यांच्या काठावर आज पाणी कमी आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी जास्त अशी कित्येक ठिकाणं आहेत. तिथे चिवा टाका की कार्बन, फरक पडत नाही. मावळात पुढच्या वीस वर्षांत कुठली काठी सरस ठरेल, हे दुकानात ठरणार नाही. ते वळवणच्या हौदातून सुटणारी पिल्लं कुठल्या पाण्यात जातात, आणि मृगाच्या पहिल्या पावसात आपण ओढ्यावर काय लावतो, यावर ठरेल.

जाता जाता एक विनंती. कामट्यांच्या त्या निमुळत्या टोपलीला नाणे मावळात, आंदर मावळात, मुळशीकडे वेगवेगळी नावं आहेत असं ऐकतो. तुमच्या घरात कुणा आजी-आजोबांना ती आठवत असतील तर विचारून लिहून ठेवा, आणि मलाही कळवा. साइक्सने माशांची नावं टिपून ठेवली म्हणून ती उरली. टोपल्यांची कुणी टिपलेली माझ्या पाहण्यात नाहीत.